आधी त्या बाळाला उचलायला शिका

एखाद्या घरातल्या लहानग्याच्या अपंगत्वाचं निदान झालं की नातेवाईक, शेजारी, मित्रमंडळी एकच वाक्य बोलतात: "काही लागलं तर सांगा, आम्ही आहोत." बोलणाऱ्याच्या मनात खरी माया असते. पण त्या वाक्यानंतरचं सगळं काम आईबाबांवरच पडतं. रात्रभर जागलेल्या आईने आता ठरवायचं, की कोणाला काय सांगावं, कोणाला ते जड जाईल, कोण नुसतं तोंडदेखलं बोललं होतं. ती कोणालाच काही सांगत नाही. महिन्याभराने लोक म्हणतात, "त्यांचं चाललंय बरं, काही मागितलं नाही त्यांनी."

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. सहा वर्षांच्या आतली मुलं माझ्याकडे येतात, काहींच्या घरी मी जाते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण), डाउन सिंड्रोम, स्वमग्नता (ऑटिझम), उशिरा होणारी वाढ, कधी नाव नसलेलंच काहीतरी. इतक्या घरांतून वावरल्यावर एका गोष्टीची मला खात्री पटली आहे. आईबाबांखेरीज त्या मुलाला भरवू शकेल, उचलू शकेल, झोपवू शकेल असं एकही माणूस बहुतेक घरांत नसतं. आजी म्हणते, "मला भीती वाटते गं, काही झालं तर?" काका म्हणतो, "तो तुझ्याकडेच शांत राहतो." सगळे प्रेमाने बघत उभे असतात आणि मूल पुन्हा आईच्याच कडेवर जातं.

म्हणून हे लिहिणं आईबाबांसाठी नाही. ते त्या आजीसाठी, काकासाठी, मावशीसाठी, शेजारणीसाठी आणि बाबाच्या जुन्या मित्रासाठी आहे. तुम्हाला मदत करायची असेल तर ते मूल निर्धास्तपणे सांभाळता येणारं माणूस व्हा. बाकीची मदत त्यातूनच सुचत जाते.

निदान नुकतंच झालेलं असताना

पहिल्या भेटीत मुलाला भेटा. ऐकायला सोपं आहे, पण बहुतेक लोक आईबाबांना भेटतात आणि पाळण्याकडे चोरून बघतात. मुलाचं नाव घ्या, हात धुऊन त्याला मांडीवर घ्यायला मागा, त्याला काय आवडतं ते विचारा. निदान काहीही असलं तरी घरात बाळ आलं आहे, आणि त्या आनंदाचा वाटा आईबाबांना मिळायलाच हवा.

"कोणाकडून आलं?" हा प्रश्न विचारू नका. आडूनही नको. "गरोदरपणात काही झालं होतं का?" हा तोच प्रश्न आहे. या एका संशयाने बायका किती पोखरल्या जातात ते मी रोज पाहते. आईला दोष देण्याची खोड फार जुनी आहे आणि शिकलेल्या लोकांनीही ती जोपासली आहे. लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, आणि पुढची कित्येक वर्षं तज्ज्ञ म्हणवणारे लोक सांगत राहिले की आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, हे म्हणणं पुराव्यानिशी खोडून काढलं. तोवर असंख्य आयांनी तो आरोप सोसला होता. डाउन सिंड्रोमचं कारण १९५९ मध्येच जाहीर झालं: एकविसाव्या गुणसूत्राची एक जास्तीची प्रत. बहुतेक वेळा ती घराण्यातून आलेली नसते. बीजपेशी तयार होताना होणारी ही घटना कोणाच्याही वागण्याने घडत नाही किंवा टळत नाही. हे तुम्हाला माहीत असेल तर घरातलं दुसरं कोणी तो प्रश्न विचारू लागलं की तुम्ही उत्तर देऊ शकता. आईला ते उत्तर दर वेळी स्वतः द्यावं लागू नये.

आता याच्या उलट बाजूचं सांगते. निदान अजून झालेलं नाही, पण आईला काहीतरी खटकतंय. बाळ आवाजाकडे वळत नाही, एकच हात वापरतं, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नाही. अशा वेळी वडीलधारे धीर देतात: "थांब जरा, आमचा हासुद्धा उशिराच बोलला." कृपा करून हे बोलू नका. पहिली वर्षं मेंदूच्या घडणीची असतात, आणि नुसतं थांबण्यात ती निघून जातात. ऐकण्याच्या बाबतीत जगभर पाळला जाणारा साधा हिशोब आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचारांना सुरुवात. सेरेब्रल पाल्सीबद्दल पूर्वी एक-दोन वर्षं वाट पाहत; २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने स्पष्ट सांगितलं की नेमक्या तपासण्या केल्या तर सहा महिन्यांच्या आतही निदान करता येतं, किमान धोका तरी ओळखता येतो. तेव्हा आई काही खटकतंय म्हणाली तर म्हणा, "दाखवून घेऊ. मी येते बरोबर." तपासणीत काही निघालं नाही तर फक्त एक दिवस गेला.

आणि "होईल गं सगळं नीट" हेही नको. काय होईल ते त्या क्षणी डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. नाव एकच असलं तरी मुलं फार वेगवेगळी असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या १९९७ पासून वापरात आहेत. पहिल्या पातळीवरचं मूल चालतं, पळतं, जिने चढतं, आणि पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान धरायलाही आधार लागतो. तुमच्या ओळखीतला कोणाचा तरी मुलगा "आता नोकरी करतो" हे ऐकून त्या आईला धीर येईलच असं नाही. काय बोलावं ते सुचत नसेल तर विचारा, "काल रात्री झोप झाली का?" आणि उत्तर पूर्ण ऐका.

मूल शिकून घ्यायचं म्हणजे काय

आईबाबांना स्पष्ट सांगा: "मला याला सांभाळायला शिकायचंय. मी काही दिवस येऊन तुमच्याबरोबर बसते. आधी बघते, मग तुमच्यासमोर करते, मग तुम्ही शेजारच्या खोलीत जा." हाच क्रम ठेवा. आईने तुम्हाला तिच्या डोळ्यांसमोर करताना पाहिलेलं नसेल तर ती बाहेर गेली तरी तिचं मन घरातच राहील.

उचलण्यापासून सुरू करा, कारण लोकांची भीती तिथेच असते. मुलाला आधी सांगा की आता उचलते. ज्याचं अंग ताठ होतं त्या मुलाला पाठीवरून सरळ वर उचललं तर तो दचकतो, पाठीची कमान करतो, पाय एकमेकांवर आवळतो. म्हणून आधी त्याला हलकेच एका कुशीवर वळवा, गुडघे आणि खुबे पोटाकडे वाकवा, एक हात मानेखांद्याखालून आणि दुसरा मांड्यांखालून घाला, आणि आपल्या अंगाशी घेऊनच उचला. कडेवर घेताना त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन बाजूंना येऊ द्या. ताठ पायांना ते फार बरं वाटतं. ज्याचं अंग सैल आहे त्याचं उलट असतं. अशा मुलाला काखेत धरून उचललं तर ते हातातून निसटतं. त्याच्या छातीला आणि बुडाला आधार द्या, पसरलेले पाय जवळ घ्या. हात धरून ओढून कोणत्याही मुलाला उठवू नका. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात, त्यामुळे कोलांटउड्या आणि मानेला हिसका बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एका मुलीचे आजोबा तिला हात लावायला घाबरायचे. "मोडेल बिडेल" म्हणायचे. मी त्यांना कुशीवर वळवणं आणि गुडघे वाकवणं एवढंच आधी शिकवलं. उचलायचं नाही म्हटल्यावर त्यांची भीती गेली. ते तिला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवत गोष्टी सांगू लागले. उचलणं नंतर आपोआप आलं, आणि आता संध्याकाळची अंघोळ ही त्या दोघांची ठरलेली गोष्ट आहे. घाबरणाऱ्या माणसाला काम वाटून द्यायचं असेल तर ते असं लहान तुकड्यात द्या.

भरवणं याहून नाजूक. इथे मायेने केलेली घाईसुद्धा धोक्याची ठरते, म्हणून सविस्तर सांगते. मूल आडवं किंवा तिरपं नको, शक्य तितकं ताठ बसलेलं हवं. मान सरळ, हनुवटी किंचित खाली. मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट उघडी पडते आणि घास किंवा पाणी तिकडे जाऊ शकतं. म्हणून तुम्ही मुलापेक्षा उंच बसू नका. वरून चमचा आला की ते तोंड वर करणारच. समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. चमचा समोरून आणा, जिभेवर टेकवा आणि ओठ मिटण्याची वाट पाहा. वरच्या ओठावर चमचा पुसून घास आत सोडू नका. आधीचा घास गिळल्याशिवाय पुढचा नको. थेरपिस्टने खाण्यापिण्याचा घट्टपणा ठरवून दिला असेल तर तोच ठेवा. "आज जरा पातळ चालेल" हा निर्णय तुमचा नाही. ठसका लागला तर थांबायचं हे सगळ्यांना कळतं. पण काही मुलांना अन्न चुकीच्या वाटेने गेलं तरी ठसकाच लागत नाही. डोळ्यांत पाणी येणं, आवाज ओलसर घुरघुरल्यासारखा होणं, श्वास बदलणं, चेहऱ्याचा रंग बदलणं, यांवर नजर ठेवा. दिसलं तर थांबा आणि आईला सांगा. जेवणानंतर वीस-तीस मिनिटं मुलाला आडवं करू नका. आणि एका जेवणाला पाऊण तास लागतो म्हणून कंटाळू नका. तुमचा पाऊण तास म्हणजे आईच्या दिवसातली मोठी सुटका आहे.

आकडी येणारं मूल असेल तर कोणत्या प्रकारची आकडी येते ते आईकडून समजून घ्या. काही आकड्यांत मूल फक्त टक लावून पाहतं. जोराची आकडी आली तर घड्याळ बघा, मुलाला कुशीवर करा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा. तोंडात काहीही घालू नका, चमचा नको, बोट नको, पाणी नको. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ चालली, एकीमागून एक आली किंवा श्वासाला त्रास दिसला तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी तातडीचं औषध देऊन ठेवलं असेल तर ते कुठे आहे आणि कसं द्यायचं हे आधीच शिकून घ्या.

मूल बोलत नसेल तर? ते बोलत नाही म्हणजे त्याला सांगायचं काही नसतं असं नाही. आईला विचारा, याचं "हो" कसं असतं आणि "नको" कसं असतं. कोणी डोळे वर नेतं, कोणी जीभ काढतं, कोणी मान वळवतं. दोन वस्तू समोर धरा, विचारा कोणती, आणि थांबा. मनात सावकाश दहा मोजा. मोठ्यांना ही शांतता सोसत नाही, ते तिसऱ्या अंकाला स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. या मुलांच्या हालचाली जुळायला वेळ लागतो, आणि तोवर कोणीतरी थांबलं तरच त्यांना कळतं की आपल्या उत्तराला किंमत आहे. चित्रांचा तक्ता किंवा बोलणारं यंत्र वापरत असतील तर तेही शिका. त्याने बोलणं मागे पडेल ही भीती निराधार आहे.

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या समोर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा. श्रवणयंत्र लावायला आणि त्याची बॅटरी बदलायला शिका. घरात खुणांची भाषा सुरू झाली असेल तर ती फक्त आईची आणि मुलाची राहू देऊ नका. सगळं घर जेवताना बोलतं आणि एक मूल ताटात बघत बसतं, हे मला बघवत नाही. दृष्टी नसलेल्या मुलाजवळ जाताना आपलं नाव सांगा. त्याचा हात धरून वस्तूवर नेऊ नका. आपला हात वस्तूवर ठेवा आणि त्याला तुमच्या हातावरून पुढे येऊ द्या. स्वमग्न मुलाला "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरू नका. न बघताही ते ऐकत असतं. काय बदलणार आहे ते आधी सांगा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि मिक्सर किंवा व्हॅक्यूम लावण्याआधी त्याला दुसऱ्या खोलीत जाऊ द्या.

एक कागद लिहून घ्या

आईच्या डोक्यात असलेलं सगळं एका कागदावर यायला हवं. ती बोलेल, तुम्ही लिहा; तिला लिहायला सांगू नका. औषधांची नावं, मात्रा, वेळा. काय खातं, किती घट्ट, कोणत्या चमच्याने. कसं झोपतं, कोणत्या कुशीवर. भूक लागली, दुखतंय, कंटाळा आला, हे कसं कळतं. कशाने शांत होतं. कशाची ॲलर्जी आहे. आकडी आल्यावर काय करायचं. डॉक्टरांचा आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर. कागद फ्रिजवर किंवा दारामागे लावा आणि त्यावर तारीख घाला, कारण मात्रा बदलतात. ज्या घरात असा कागद नाही त्या घरात आई आजारी पडली की सगळं ठप्प होतं.

मग वेळ द्या, आणि वेळ ठरवून द्या

"कधीही बोलव" यापेक्षा "दर शनिवारी चार ते सात मी आहे" हे कितीतरी उपयोगाचं. आईबाबा त्यावर विसंबून काहीतरी ठरवू शकतात. आणि त्या तीन तासांत त्यांनी काय करावं हे तुम्ही सुचवू नका. बहुतेक जण पहिले काही वेळा झोपतात. झोपू द्या. आई घर आवरायला लागली तर तिला थांबवा. आवरायचं काम दुसऱ्या कोणाला तरी वाटून देता येतं, तिची झोप दुसरं कोणी घेऊ शकत नाही.

हे जमत नसेल, लांब राहत असाल, तर दुसरी कामं आहेत आणि तीही मोलाची आहेत. एका मुलाची आत्या दुसऱ्या शहरात राहते. तिने फोनवरची सगळी कामं आपल्याकडे घेतली: अपॉइंटमेंट घेणं, रिपोर्ट मागवणं, अर्ज भरणं, रांगेत होल्डवर थांबणं. त्या आईने मला सांगितलं, की फोन खाली ठेवायला मिळाला तेव्हा पहिल्यांदा मुलाशी नुसतं खेळता आलं.

दवाखान्यात बरोबर जाणार असाल तर तुमचं काम लिहिण्याचं. डॉक्टर बोलत असताना आईचं निम्मं लक्ष रडणाऱ्या मुलाकडे असतं. आदल्या रात्री तीन प्रश्न ठरवा, उत्तरं लिहून घ्या, शेवटी विचारा, "पुढची तारीख कोणती आणि तोवर आम्ही काय करायचं?" सगळे कागद तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा. काही तारखा विशेष जपाव्या लागतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण एक तृतीयांश मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो, जी मुलं चालत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण फार जास्त असतं, आणि सुरुवातीला ते दुखतही नाही. म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढायचा असतो. सगळं बरं चाललेलं असताना हीच तारीख राहून जाते. ती तुमच्या डायरीत असू द्या.

व्यायामाची सक्ती करणारे होऊ नका

मी स्वतः व्यायाम शिकवते, तरी हे सांगते. नातेवाईक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "व्यायाम करून घेतेस ना नियमित?" त्या प्रश्नात आईची परीक्षा असते. आठवड्यातला तासभर मूल माझ्याकडे असतं. शिकणं होतं ते बाकीच्या वेळात, कपडे घालताना, अंघोळीत, खेळताना, जिन्यावर. बाही घालताना हात स्वतः पुढे करायला वेळ दिला, खेळणं जरा लांब ठेवून कुशीवर वळायला लावलं, तर तोच व्यायाम. आईला दिवसभर थेरपिस्ट करून टाकलं तर त्या मुलाला आई उरत नाही. कॅनडातले संशोधक पीटर रोझेनबाम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ च्या सुमाराला अपंग मुलांच्या बाबतीत सहा गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगितलं: रोजची कामं जमणं, कुटुंब, तंदुरुस्ती, मजा, मित्र आणि पुढचं आयुष्य. मी नव्या आईबाबांना या सहांपैकी "मजा" आधी विचारते. मूल कशाला हसतं? त्यांना सांगता आलं नाही तर व्यायामाचं नंतर बघू. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीत अडचणी असलेल्या मुलांच्या पालकांसाठी आणि सांभाळणाऱ्यांसाठी जो प्रशिक्षणक्रम तयार केला आहे तोही खेळ आणि घरातल्या रोजच्या कामांवरच उभा आहे. तुमच्या भागात तो चालत असेल तर आईबरोबर तुम्हीही जा.

बाबांबद्दलही बोलायला हवं. पुष्कळ घरांत बाबा कमावण्यात आणि गाडी चालवण्यात सगळं आलं असं समजतो, आणि दवाखान्यात सगळ्या सूचना आईलाच मिळतात. मित्र असाल तर त्याला विचारा, "तू याला भरवतोस का?" नसेल भरवत तर त्याला टोचू नका, त्याच्याबरोबर शिकायला बसा. बापही घाबरलेला असतो. त्याला कोणी विचारत नाही एवढंच.

भावंडांसाठी वेगळा वेळ काढा. मोठ्या बहिणीला फक्त "तू समजूतदार आहेस" ऐकायला मिळतं. तिला बाहेर न्या, तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला आईला बसता यावं म्हणून तेवढा वेळ तुम्ही बाळाजवळ थांबा. तिने भावाबद्दल काही विचारलं तर खरं उत्तर द्या. तिला राग आला, लाज वाटली, तरी ऐकून घ्या. आणि "आईबाबांनंतर तुलाच बघायचंय" हे वाक्य लहान मुलीसमोर कोणीही उच्चारू नये.

बोलावणं बंद करू नका. "त्यांना त्रास होईल" असं आपणच ठरवतो आणि ते कुटुंब हळूहळू सगळ्या यादींतून गळतं. बोलवा, आणि काय सोय हवी ते विचारा: पायऱ्या आहेत का, शांत खोली मिळेल का, लवकर येऊन लवकर गेलं तर चालेल का. नाही म्हणाले तरी पुढच्या वेळी बोलवा. तुमच्या मुलांना आधी सांगून ठेवा की हा बोलत नाही पण त्याला चेंडू ढकलायला आवडतं. पुढचं मुलं बघून घेतात.

चमत्कारांचे निरोप पाठवू नका

प्रत्येक आईच्या फोनवर असे निरोप येऊन पडलेले असतात: अमुक ठिकाणी मूल चालायला लागलं, अमुक औषधाने बोलायला लागलं. पाठवणाऱ्याचा एक क्षण जातो आणि आईची रात्र जाते. पूर्ण बरं करण्याची हमी, आगाऊ मोठी रक्कम, आणि "चालू औषधं बंद करा" ही सूचना, यांतलं एकही दिसलं तर तो निरोप तिथेच थांबवा. आकडीचं औषध अचानक बंद केल्याने जीवघेणी आकडी येऊ शकते. कुटुंब कुठल्या उपचाराकडे ओढलं जात असेल तर भांडू नका. "आपल्या डॉक्टरांना विचारून मग पैसे भरू" एवढं म्हणा आणि बरोबर जा.

आईबाबांकडेही बघत राहा. चिडचिड, रडणं, थकवा हे येतं आणि जातं. पण आठवडे उलटले तरी आईला झोप लागत नाही, बाळ झोपलेलं असतानासुद्धा लागत नाही, कशातच मन नाही, "माझ्यावाचून सगळ्यांचं बरं चालेल" असं बोलते, तर हे नैराश्य असू शकतं. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बापाच्या बाबतीतही हेच.

कुटुंब तुमची मदत नको म्हणू शकतं. घरात परकं माणूस नको असेल, पूर्वी कोणी काही बोललं असेल, किंवा मूल दुसऱ्याच्या हातात देण्याची तयारी झाली नसेल. मान ठेवा आणि काही काळाने पुन्हा विचारा. मदत घेणं म्हणजे उपकार घेणं असं त्यांना वाटू देऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात अपंग मुलांना आणि त्यांच्या कुटुंबांना माहिती, सेवा आणि आधार लवकर मिळायला हवा असं लिहिलं आहे. हा त्या मुलाचा हक्क आहे.

एकदा शिकलात की संपलं, असं मात्र होत नाही. मूल वाढतं. सहा किलोच्या बाळाला जसं उचललं तसं अठरा किलोच्या मुलाला उचललं तर तुमची कंबर जाईल आणि तेही पडेल. दर काही महिन्यांनी थेरपीच्या वेळी बरोबर जा आणि नवी रीत शिकून घ्या: दोघांनी मिळून कसं उचलायचं, जमिनीवरून खुर्चीत कसं बसवायचं, शौचाला नेताना कपडे कसे काढायचे म्हणजे त्याला उघडं वाटणार नाही. व्हीलचेअर आली की मूल बसवण्याआधी ब्रेक लावा, दर वेळी. बुड पाठीला टेकेपर्यंत मागे सरकवा, मग आधी कमरेचा पट्टा बांधा आणि नंतर छातीचा. सोडताना छातीचा आधी, कमरेचा शेवटी. कमरेचा पट्टा नसताना मूल खाली घसरलं तर छातीचा पट्टा गळ्याशी येतो, म्हणून हा क्रम दोन मिनिटांच्या फेरीसाठीसुद्धा मोडू नका.